समस्यात्मक गेमिंग (महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील)

व्हिडिओ गेम खेळण्यावरचा ताबा सुटणे, त्यापायी अभ्यास, झोप व नातेसंबंध यांची हानी होणे आणि ती दिसत असूनही खेळ सुरूच राहणे, या वर्तनास समस्यात्मक गेमिंग म्हणतात. ‘गेमिंग विकार’ हे वैद्यकीय निदान याहून मर्यादित आहे. समस्यात्मक गेमिंगमध्ये निदानापर्यंत न पोहोचलेल्या अवस्थाही मोडतात. रोज किती तास खेळले जाते, एवढ्यावरून ही समस्या ठरत नाही.

पूर्वपीठिका : व्हिडिओ गेम विद्यापीठांत बाहेरून आले असे म्हणता येत नाही, आरंभीचे कित्येक खेळ तेथेच घडले. ‘स्पेसवॉर’ हा खेळ १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पीडीपी-१ संगणकावर तयार झाला. इलिनॉय विद्यापीठाची ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापनप्रणाली होती, पण १९७० नंतरच्या दशकात तिच्यावर खेळांचीच गर्दी होऊ लागली. १९७५ च्या सुमाराचा ‘पेडिट५’ हा खेळ तर दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलेल्या फाइलीच्या नावाखाली चालत असे. व्यवस्थापकांनी तो पुसून टाकला. संगणकावरचा वेळ कोणत्या कामाला द्यायचा, हा विद्यापीठ आणि विद्यार्थी यांच्यातील वाद असा जवळजवळ खेळांइतकाच जुना आहे.

या वर्तनाला ‘व्यसन’ केव्हापासून म्हटले जाऊ लागले, याविषयी मतभेद आहेत. काही लेखक १९८३ मध्ये सोपर व मिलर यांनी शालेय समुपदेशकांसाठी लिहिलेल्या लेखाकडे बोट दाखवतात. त्यात आर्केडमधील (पैसे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांतील) खेळांच्या नादी लागलेल्या विद्यार्थ्यांची लक्षणे इतर व्यसनांच्या लक्षणांशी ताडून पाहिली आहेत. दुसरा प्रवाह १९९५ पासून आरंभ धरतो. त्या वर्षी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी ‘इंटरनेट व्यसन विकार’ या नावाने निदान-निकषांची एक यादी प्रसृत केली. ती निदानपुस्तिकांच्या भाषेची थट्टा होती. वाचकांनी मात्र ती गांभीर्याने घेतली. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग यांनी जुगाराचे निकष इंटरनेटला लावून याच विषयावर खरेखुरे संशोधन मांडले. गेमपुरते पाहिल्यास १९८३ चा लेख अधिक जवळचा वाटतो. आजच्या निकषांची घडण मात्र १९९५-९६ नंतरच्या परंपरेतून आलेली दिसते.

निदान : अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) ‘इंटरनेट गेमिंग विकार’ परिशिष्टवजा विभागात, अधिक अभ्यासासाठी म्हणून आला. त्याचे नऊ निकष असून त्यांपैकी पाच किंवा अधिक बारा महिन्यांत आढळावे लागतात : सतत त्याच विचारात असणे, खेळ बंद होताच चिडचिड, खेळाचा वेळ वाढवत नेण्याची गरज, थांबण्याचे फसलेले प्रयत्न, इतर छंदांतून मन उडणे, परिणाम कळूनही खेळत राहणे, घरच्यांशी खोटे बोलणे, उदासी घालवण्यासाठी खेळणे आणि शिक्षण, नोकरी वा नाती धोक्यात घालणे. यांची मांडणी मुख्यतः ताओ व सहकाऱ्यांनी चीनमध्ये रुग्णांवर केलेल्या अभ्यासावर (२०१०) आधारलेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये संमत केलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात (आयसीडी-११) ६सी५१ या संकेतांकाखाली तीनच लक्षणे दिली आहेत : ताबा सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळाला वाढते प्राधान्य आणि दुष्परिणाम होऊनही खेळ चालू राहणे. यांच्या जोडीला जीवनात ठळक बिघाड झालेला असणे अनिवार्य आहे. विकार नसलेल्या पण अपायाचा धोका असलेल्या गेमिंगला वेगळा संकेतांक (क्यूई२२) आहे.

या निदानाला २०१७ मध्ये आर्सेथ व इतर संशोधकांनी जाहीर विरोध केला. पुरावा अपुरा आहे, निकष पदार्थांच्या व्यसनावरून उसने घेतले आहेत आणि सर्वसाधारण खेळाडूंवर विनाकारण ठपका येईल, असे त्यांचे आक्षेप होते. वैद्यकीय बाजूने उत्तर आले की, मदत मागायला येणाऱ्यांना नाव नसलेल्या आजारावर उपचार मिळणे अवघड जाते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र चार्ल्टन व डॅनफर्थ यांनी २००७ मध्येच दाखवले होते की, काही लक्षणे निव्वळ खेळात रमलेल्यांतही सापडतात. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मतसंकलनानेही (२०२१) वेळ वाढवण्याची गरज व उदासी घालवण्यासाठी खेळणे हे निकष निदानाला फारसे उपयोगी मानले नाहीत. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. परीक्षा संपल्यावर आठवडाभर रात्रंदिवस खेळणारा मुलगा नऊंपैकी तीन-चार निकषांत सहज बसेल. त्याची हजेरी, टर्मवर्क आणि झोप पुढच्या सत्रात जागेवर येते की नाही, हे पाहणे अधिक विश्वसनीय. त्यामुळे बिघाडावर भर देणारी आयसीडी-११ ची रचना सध्या तरी उजवी ठरते.

प्रमाण : आकडे मोजणीच्या पद्धतीनुसार फार बदलतात. शिबिल्स्की व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा व जर्मनीतील प्रौढांच्या पाहणीवरून ०.३ ते १ टक्का इतके प्रमाण सुचवले. स्टीव्हन्स व इतरांच्या २०२१ च्या संकलनात ते सुमारे ३ टक्के, तर सहभागींची निवड काटेकोरपणे केलेले अभ्यासच धरल्यास सुमारे २ टक्के निघाले. विद्यार्थ्यांवरील अनेक पाहण्या वर्गात प्रश्नावली वाटून केलेल्या असतात, म्हणून त्यांतील मोठे आकडे जपून वाचावे लागतात.

शिक्षणावरील परिणाम : कमी गुण मिळाल्याने विद्यार्थी खेळाकडे वळतो, की खेळामुळे गुण घसरतात, हा येथील मूळ पेच आहे. त्यावर केंटकीतील बेरिया कॉलेजमधील अभ्यास (स्टाइनब्रिकनर व स्टाइनब्रिकनर, २००८) महत्त्वाचा आहे. तेथे पहिल्या वर्षाचे खोलीसोबती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटले जात. ज्याच्या वाट्याला गेम कन्सोल घेऊन आलेला सोबती आला, त्याचा अभ्यास दिवसाला सुमारे ४० मिनिटांनी घटला आणि पहिल्या सत्राची सरासरी चारपैकी जवळपास पाव गुणाने उतरली. हे व्यसनाचे मोजमाप नव्हे, पण कार्यकारणाची दिशा त्यातून स्पष्ट होते.

खेळांच्या रचनेचाही यात वाटा आहे. ‘डोटा’सारख्या सांघिक खेळात एक सामना साधारण पाऊण तास चालतो. मध्येच उठून गेल्यास चौघा साथीदारांचा डाव बिघडतो आणि सोडणाऱ्याला पुढे दंड बसतो. त्यामुळे ‘ही शेवटची मॅच’ म्हणत रात्रीचे तीन वाजतात. खेळाचा हंगाम संपत आला की ‘रँक पुश’ म्हणजे क्रमवारीत वर चढण्याची धडपड सुरू होते. हंगामाच्या अखेरीची आणि सबमिशनची तारीख एकच निघाली, तर बहुधा जर्नल मागे पडते.

भारत : मुंबईच्या आयआयटीने २००७ मध्ये वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ पासून दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. रात्रभराच्या गेमिंग व इतर वापरामुळे सकाळच्या तासांना उपस्थिती घटते, हे त्याचे एक कारण होते. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आल्यावर हा प्रश्न संगणकाच्या खोलीतून खिशात गेला. वेल्लोरच्या व्हीआयटीने त्या वर्षअखेरीस वसतिगृहांत या खेळाला मनाई केली. २०१९ मध्ये गुजरातमधील काही शहरांत पोलिसांनी बंदी घालून विद्यार्थ्यांना अटकही केली. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी हा खेळ बंद केला तो सुरक्षेच्या कारणावरून. व्यसनाशी त्या आदेशाचा संबंध नव्हता. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातील बंदीही पैसे लावून खेळायच्या खेळांपुरती आहे. दक्षिण कोरियाचा रात्री गेम खेळण्यावरील बंदीचा कायदा (२०११, पुढे रद्द) अल्पवयीनांसाठी होता आणि चीनचे २०२१ चे नियमही अल्पवयीनांसाठीच आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थी या सर्वांच्या बाहेर राहतो. त्याच्यापुरते वसतिगृहाचे नियमच काय ते.

उपचार : बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून ‘शट क्लिनिक’ (तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठीचा दवाखाना) व दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ पासून वर्तन-व्यसनांचा दवाखाना चालतो. बोधात्मक वर्तनोपचार (विचार व सवयी बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) हा मुख्य मार्ग मानला जातो. नैराश्य, चिंता किंवा अवधान-न्यूनता (एडीएचडी) सोबत असल्यास तिच्यावरही उपचार करावे लागतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनीसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळते.