पार्श्वभूमी : हेलसिंकी ते टोकियो, तेच अंतर आणि बदलते तास

हेलसिंकी आणि टोकियो येथील विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणून धरली, तर ती ज्या रेषेवरून जाईल त्या रेषेवर, म्हणजे बृहद्वृत्तावर, हे अंतर मोजले जाते. मर्केटरने १५६९ साली दर्यावर्दींसाठी आखलेल्या पद्धतीचा नकाशा ध्रुवांकडचा प्रदेश अवाजवी मोठा दाखवतो, त्यामुळे त्यावर ही रेषा विनाकारण उत्तरेकडे वळसा घेते असे वाटते. प्रत्यक्षात जवळची वाट तीच, आणि ती जवळजवळ संपूर्ण रशियावरून जाते. या प्रवासाला लागणारा वेळ विमानांच्या वेगाइतकाच या एका गोष्टीने ठरवला आहे.

शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य विमानांना सोव्हिएत हवाई हद्द बंद होती, म्हणून युरोपातून जपानला जाणारी विमाने मध्यपूर्व, भारत आणि आग्नेय आशिया असे टप्पे घेत दक्षिणेकडून जात. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ साली कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियो असा ध्रुवीय मार्ग सुरू केला, तेव्हा तासांमध्ये मोठी बचत झाली आणि इंधनासाठीचा थांबा म्हणून अँकरेजचे नाव जगभर झाले. सायबेरियावरून मॉस्को–टोकियो प्रवासी सेवा १९६७ पासून होती, परंतु ती एरोफ्लोट आणि जपान एअरलाइन्स यांची संयुक्त सेवा होती. इतरांसाठी ते दार फार हळूहळू उघडले.

फिनएअरने १९८३ च्या एप्रिलमध्ये उचललेले पाऊल मला या इतिहासातले सर्वांत धाडसी वाटते. लांब पल्ल्याच्या डीसी-१० विमानाने हेलसिंकीहून थेट उत्तर ध्रुवाकडे जायचे, तेथून बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून खाली उतरायचे आणि सोव्हिएत हद्दीला स्पर्श न करता, कोठेही न थांबता, सुमारे १३ तासांत टोकियो गाठायचे, अशी ती सेवा होती. हद्द ओलांडण्याची किंमत किती भयंकर असू शकते हे त्याच वर्षी १ सप्टेंबरला दिसले : अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले, ते पाडण्यात आले आणि त्यातील २६९ जणांचा मृत्यू झाला.

पुढे सायबेरियाचा आकाशमार्ग खुला झाला आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपली हद्द बंद केली, रशियानेही तसेच प्रत्युत्तर दिले आणि मार्चमध्ये फिनएअरची टोकियो सेवा पुन्हा सुमारे १३ तासांवर गेली.

आता विमानाने उत्तरेची वाट धरायची की दक्षिणेची, हे ठरवताना वाऱ्याचा विचार करावा लागतो. जपानवर फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा हवेचा झोत वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच फुगे सोडून नोंदवला होता. टोकियोहून हेलसिंकीला, म्हणजे पश्चिमेला, जायचे असूनही विमान आधी पूर्वेकडे अलास्काच्या दिशेने निघते, तेव्हा हाच वारा त्याला मागून रेटत असतो.