गच्चीवरचा टोमॅटो आणि नागपूरच्या उष्ण रात्री

मार्च संपत आला की नागपुरातील अनेक गच्च्यांवर एकच तक्रार ऐकू येते. कुंडीतील टोमॅटोचे झाड हिरवेगार असते, पिवळ्या फुलांचे घोसही लागलेले असतात, पण फळ धरत नाही. अशा फुलाचा देठ जवळून पाहिला, तर मध्ये गाठीसारखा एक सांधा दिसतो. तो आधी पिवळा पडतो आणि तेथूनच फूल गळते. खत कमी पडले असे समजून आणखी शेणखत घातले जाते, परंतु नत्र वाढल्याने पालाच माजतो, कारण दोष खतात नसून तापमानात असतो.

दिवसाचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या वर आणि रात्रीचे २४ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोचे परागकण दुबळे होतात, फलन होत नाही आणि झाड ते फूल सोडून देते. दिवसाच्या उन्हाची चिंता सगळेच करतात. माझ्या मते गच्चीवर रात्रीची चिंता अधिक करायला हवी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि त्यावर थेट ठेवलेली कुंडी, विशेषतः काळ्या प्लास्टिकची, मुळांसह तापते. म्हणून कुंडी विटांवर ठेवावी. उन्हाळ्यात पिकलेले फळही पुष्कळदा पिवळट-नारिंगी राहते, कारण लाल रंग देणारे लायकोपिन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही.

विदर्भात ज्याला भेदरे म्हणतात, त्या या झाडाला आपल्याकडे हिवाळाच मानवतो. ऑगस्टमध्ये बी टाकून महिनाभराने रोप कुंडीत लावले, तर फुलोरा थंडीच्या सुरुवातीला येतो. रोप खोल लावावे, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळे फुटतात. कुंडी १५ ते २० लिटरची हवी. आपली काळी माती शेतात सोने असली, तरी कुंडीत ती पाण्याने फुगते, सुकली की भेगाळते आणि मुळे तोडते. तिच्यात कोकोपीट, वाळू आणि कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे.

फळाचा तळ काळा पडून चामड्यासारखा होतो, तो रोग नव्हे. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वाहते आणि पानांतून बाष्पीभवन अधिक होत असल्याने त्याचा मोठा वाटा पाने ओढून घेतात. दोन दिवस पाणी चुकले आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतले की वाढणाऱ्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पुरेसे पोहोचत नाही. अंड्याची टरफले मातीत सावकाश विरघळतात. ती घालण्यापेक्षा रोज ठरावीक वेळी पाणी देणे आणि वर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालणे अधिक कामी येते.

टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण परागकोशांची नळी बंद असल्याने ते झडायला हादरा लागतो. शेतात हे काम वारा करतो आणि काही रानमाश्या फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवत तो पराग झाडतात. आडोशाच्या बाल्कनीत दोन्हींची वानवा असते, तेव्हा सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घोसाच्या देठावर बोटाने हलकी टिचकी मारावी. खाली नख धरले तर त्यावर फिकट पिवळी धूळ दिसते. फलन साधले की काही दिवसांत पाकळ्या सुकतात, त्यांच्या आड हिरवा मणी फुगू लागतो आणि देठाचा तो सांधा हिरवाच राहतो.