‘डेफिनिटली’मधला न ऐकू येणारा आय

‘डेफिनिटली’ बोलताना कुणी अडखळत नाही. लिहायला घेतला की मात्र ‘एन’नंतर हात थबकतो. पुढे ए, ई की आय? बरोबर स्पेलिंग असं आहे: डी-ई-एफ-आय-एन-आय-टी-ई-एल-वाय. एकूण दहा अक्षरं, आणि त्यांत ए एकदाही नाही. इथे ए म्हणजे ‘ॲपल’चं पहिलं अक्षर आणि ई म्हणजे ‘एग’चं. मराठीत या दोन नावांची गल्लत सहज होते आणि पुढची सगळी चर्चा याच फरकावर उभी आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

चुका वाटेल तशा होत नाहीत, त्यांचे ठरावीक साचे आहेत. सर्वांत जास्त आढळणाऱ्या साच्यात एननंतरच्या आयच्या जागी ए येतो. दुसऱ्या साच्यात तोच ए असतो आणि शिवाय टीनंतरचा ई गळतो. तिसऱ्यात आय जागेवर राहतो, पण ई गळतो. चौथ्यात आयची जागा ई घेतो आणि टीनंतर थेट एल येतो. चारही चुका शब्दाच्या मधल्या चार-पाच अक्षरांत घडतात. सुरुवातीचं ‘डेफ’ आणि शेवटचं ‘ली’ सहसा कुणाचंच चुकत नाही. याचं कारण उच्चारात सापडतं.

इंग्रजी शब्दातल्या एका अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, आघात (जोर) असतो. या शब्दात तो ‘डेफ’वर आहे. आघात असलेला स्वर स्पष्ट, पूर्ण उच्चारला जातो आणि आघात नसलेले स्वर आक्रसतात. जीभ तोंडाच्या मधोमध सैल पडून राहते, ओठ ना गोल होतात ना ताणले जातात, आणि आपल्या ऱ्हस्व ‘अ’च्या जवळचा एक पुसट आवाज निघतो. ध्वनिशास्त्रात त्याला ‘श्वा’ म्हणतात. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा स्वर हाच, पण त्याच्यासाठी वर्णमालेत स्वतंत्र अक्षर नाही. ‘अबाउट’मध्ये तो ए अक्षराने लिहिला जातो, ‘टेकन’मध्ये ईने, ‘पेन्सिल’मध्ये आयने, ‘लेमन’मध्ये ओने आणि ‘सर्कस’मध्ये यूने. म्हणजे पाचही स्वराक्षरं मिळून एकच आवाज. ‘डेफिनिटली’तला एननंतरचा स्वरही असाच पुसट होतो. तो कितीही लक्ष देऊन ऐकला, तरी त्याच्यामागे कोणतं अक्षर आहे हे कानाला कळण्याचा मार्गच नाही.

देवनागरी लिहिणाऱ्याला ही गोष्ट अधिक जड जाते. मराठीत इकार-उकारांच्या ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो खरा, पण ‘नि’ आणि ‘ने’ यांत घोळ होत नाही. मात्रा ऐकू येते आणि ऐकू येईल तशी ती देता येते. ही लहानपणापासूनची सवय आपण इंग्रजीकडेही नेतो. त्यातच बोलण्यात हा शब्द बहुतेक वेळा ‘डेफिनेटली’ असा येतो. रोमन लिपीत मराठी टाइप करणारी बोटं ‘ने’साठी एन-ई दाबायला सरावलेली असतात. वर सांगितलेली चौथी चूक अशीच जन्माला येते.

सर्वांत प्रचलित असलेला ए मात्र दुसऱ्या वाटेने येतो. त्या वाटेवर गर्दी मोठी आहे: फॉर्च्युनेटली, इमीजिएटली, ॲक्युरेटली, सेपरेटली, अप्रॉक्सिमेटली, अल्टिमेटली. या सगळ्यांचा शेवट ए-टी-ई-एल-वाय असा होतो, आणि त्यातला ए बोलताना तसाच पुसट राहतो. मेंदू अशा पुनरावृत्ती नकळत टिपत असतो. आवाज तोच, शेवट तोच, मग अक्षरंही तीच असणार, असा अंदाज तो बांधतो. अंदाज तर्काला धरूनच आहे. म्हणूनच ही चूक भरपूर वाचणाऱ्यांच्या हातूनही होते आणि तिला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग ‘सेपरेट’ला ए आणि ‘डेफिनिट’ला आय का? उत्तर लॅटिनच्या व्याकरणात आहे. लॅटिन क्रियापदांचे गण असतात. एका गणातली क्रियापदं ‘आरे’ने संपतात आणि त्यांचं भूतकालवाचक धातुसाधित ‘आतुस’ने. सेपारारे, सेपारातुस. दुसऱ्या गणातली ‘ईरे’ने संपतात आणि त्यांचं धातुसाधित ‘ईतुस’ने. देफिनीरे, देफिनीतुस. इंग्रजीने दोन्ही रूपं उचलली, शेपटं छाटली आणि मूळ स्वराची अक्षरं मात्र जपली. पुढे उच्चारात दोन्ही स्वर झिजून एकसारखे झाले, लिखाणात वेगळे राहिले. ‘पोलाइट’ हाही ‘ईरे’च्याच गणातला शब्द, पोलीरे-पोलीतुसमधून आलेला. त्याच्यातला आय आघातामुळे खणखणीत ऐकू येतो, म्हणून तिथे ए घालण्याचं कुणाच्या मनात येत नाही.

देफिनीरेच्या पोटात ‘फिनिस’ आहे. फिनिस म्हणजे सीमा, शेवट. ‘डिफाइन’ म्हणजे एखाद्या गोष्टीची हद्द आखणं, आणि ज्याची हद्द आखली गेली आहे ते ‘डेफिनिट’. गणितातल्या डेफिनिट इंटिग्रलला खालची आणि वरची अशा दोन सीमा दिलेल्या असतात, म्हणून त्याचं नाव तसं. व्याकरणात ‘द’ला डेफिनिट आर्टिकल म्हणतात, कारण अनेकांतली नेमकी कोणती वस्तू हे तो आखून देतो. फिनिश, फायनल, फायनाइट, इन्फिनिट ही सगळी याच घरातली भावंडं. या घरातल्या कोणत्याही शब्दात फिनिसच्या एफ-आय-एनला धक्का लागत नाही.

त्या भावंडांपैकी ‘फायनाइट’ आपल्या सर्वांत जास्त कामाचा, कारण त्यातले दोन्ही आय मोठ्याने बोलतात. लिहिताना शब्द मनात मुद्दाम चुकीचा उच्चारायचा: डी-फायनाइट-ली. आधी डी-ई, मग एफ-आय-एन-आय-टी-ई, मग एल-वाय. शब्द संपला. उच्चार हास्यास्पद वाटला तरी हरकत नाही, तो फक्त बोटांसाठी आहे. शंका उरलीच तर ‘डेफिनिशन’ म्हणून पाहावं. तिथे आघात पुढे सरकून नेमका ‘नि’वर येतो आणि दडलेला आय ऐकू येऊ लागतो. पडताळणीची आणखी एक खूण आहे. लिहिलेल्या शब्दातले स्वर डावीकडून वाचले तर ई, आय, आय, ई असे येतात, आणि उजवीकडून वाचले तरी तसेच. वाय सोडून द्यायचा. आरशासारखी ही जुळणी मोडलेली दिसली की शब्द चुकला.

राहिला टीनंतरचा ई. तो उच्चारात नाही, म्हणून गळतो. इंग्रजीचा साधारण नियम असा की मूक ईपुढे व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय आला तर ई टिकतो. ‘ली’ व्यंजनाने सुरू होतो, म्हणून कम्प्लीटली, ॲब्सोल्यूटली, पोलाइटली या सगळ्यांत ई आहे. ट्रूली, ड्यूली, होली हे अपवाद. यातल्या ‘होली’चा अर्थ ‘संपूर्णपणे’, त्याची सुरुवात डब्ल्यूने होते.

हा ई किती महत्त्वाचा आहे, ते संगणकाच्या बाजूने पाहिलं की कळतं. १९६४ मध्ये संगणक संशोधक फ्रेडरिक डॅमरो यांनी दाखवून दिलं की स्पेलिंगच्या ८० टक्क्यांहून अधिक चुका चारपैकी एकाच प्रकारच्या एकाच बदलाने होतात: एक अक्षर जास्त, एक अक्षर कमी, एका अक्षराऐवजी दुसरं, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल. चुकलेल्या शब्दापासून किमान किती बदलांत खरा शब्द मिळतो हे मोजायचं, आणि सर्वांत जवळचा शब्द सुचवायचा. स्पेलिंग तपासणाऱ्या अनेक प्रोग्रॅमचा पाया हाच आहे.

आता आपल्या चुका या मापाने मोजू. डी-ई-एफ-आय-एन-ए-टी-ई-एल-वाय असं लिहिलं, म्हणजे ए चुकला पण ई टिकला, तर बरोबर शब्द एका बदलावर आहे: ए काढून आय घाला. ‘डिफायंटली’ हा वेगळाच शब्द दोन बदलांवर राहतो. पण ईसुद्धा गाळला आणि डी-ई-एफ-आय-एन-ए-टी-एल-वाय असं झालं, की पारडं फिरतं. ‘डेफिनिटली’ला पोहोचायला आता दोन बदल लागतात, ए बदलणं आणि ई घालणं. ‘डिफायंटली’ला मात्र एकच पुरतो: एन आणि ए यांची अदलाबदल. यंत्र जवळचा शब्द निवडतं, आणि ‘मी नक्की येईन’ असं लिहायला निघालेला माणूस ‘मी येईन, काय करायचं ते करा’ असा निरोप धाडून बसतो. ‘डिफायंटली’ म्हणजे झुगारून, आव्हान देत. तो लॅटिनमधल्या ‘विश्वास’ या अर्थाच्या ‘फिदेस’कडून येतो. त्याचा फिनिसशी काही संबंध नाही.

ही चूक पुढे पकडली जाणंही अवघड असतं. दोन्ही क्रियाविशेषणं, दोन्ही वाक्यात एकाच जागी बसतात, दोन्ही शब्दकोशात आहेत. त्यामुळे शब्दाखाली लाल रेघ येत नाही. १९९० मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेच्या मार्क कर्निघन, केनेथ चर्च आणि विल्यम गेल यांनी सुधारणेसाठी संभाव्यतेचा मार्ग वापरला. शब्द किती जवळचा आहे एवढंच न पाहता तो भाषेत किती वेळा येतो आणि ती विशिष्ट चूक किती वेळा घडते, याचाही हिशोब त्यांनी धरला. ‘डेफिनिटली’ हा ‘डिफायंटली’पेक्षा कितीतरी अधिक वापरला जातो, त्यामुळे असा हिशोब करणारं साधन सहसा बरोबर शब्द देतं. तरीही सगळीकडची साधनं सारखी नसतात. महत्त्वाचा मजकूर पाठवण्याआधी ‘डिफायंट’ हा शब्द शोधा आणि सापडलेलं प्रत्येक ठिकाण वाचून पाहा. काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

फोन सतत चुकीचंच स्पेलिंग पुढे करत असेल, तर ते कधीतरी त्याच्या वैयक्तिक शब्दकोशात शिरलेलं असतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ते तिथून काढा. मग टेक्स्ट रिप्लेसमेंट किंवा शॉर्टकटची सोय उघडा आणि सुरुवातीला सांगितलेली चारही चुकीची रूपं एकेक करून भरा. प्रत्येकासमोर बरोबर रूप द्या.

यंत्र सुधारलं तरी हात सुधारायचा राहतोच. तिथे एक सावधगिरी बाळगावी. १९९० मध्येच मानसशास्त्रातले संशोधक लॅरी जॅकोबी आणि ॲन हॉलिंग्सहेड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चुकीचं स्पेलिंग नुसतं वाचल्यानेही पुढे तोच शब्द बरोबर लिहिणं बिघडतं, असं त्यात दिसलं. म्हणून ‘हे चूक, हे बरोबर’ असे जोडीने लावलेले तक्ते पाठ करण्याची पद्धत मला पटत नाही. डोळ्यांपुढे बरोबर रूपच असावं. या लेखातही चुकीची रूपं लागतील तेवढीच फोडून दिली आहेत.

दुसरं, पाहून दहा वेळा उतरवण्यापेक्षा न पाहता एकदा आठवणं जास्त उपयोगी पडतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगांत मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बाजी उलटली. ज्यांनी मधल्या काळात न पाहता आठवायचा सराव केला होता, त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. तेव्हा शब्द पाहा, झाका, डी-फायनाइट-ली म्हणत लिहा आणि मग उघडून ताडून पाहा. हे आज एकदा, उद्या एकदा, तीन-चार दिवसांनी एकदा आणि आठवड्याने एकदा करा. एका बैठकीत पानभर लिहू नका, त्यात शेवटी हात चालतो आणि लक्ष उडतं.

स्पेलिंग जमलं तरी वापरात आपला ‘नक्की’ आडवा येतो. ‘नक्की’ला मराठीत दोन कामं आहेत. ‘मी नक्की येईन’ यातला खात्रीचा आहे, तिथे ‘आय विल डेफिनिटली कम’ चपखल बसतं. ‘नक्की काय झालं?’ यातला मात्र नेमकेपणाचा आहे. तिथे ‘डेफिनिटली’ चालत नाही, ‘व्हॉट एग्झॅक्टली हॅपन्ड?’ असं विचारावं लागतं. जिथे ‘नक्की’च्या जागी ‘नेमकं’ घालता येतं, तिथे ‘एग्झॅक्टली’.

नकार आला की धोका वाढतो. ‘मला नक्की माहीत नाही’ याचं शब्दशः ‘आय डेफिनिटली डोन्ट नो’ केलं तर अर्थ होतो ‘मला माहीत नाही, हे अगदी पक्कं’. म्हणायचं होतं की थोडीफार कल्पना आहे, खात्री नाही. त्यासाठी ‘आय डोन्ट नो फॉर शुअर’. इंग्रजीत नकाराच्या आधी आलेलं ‘डेफिनिटली’ नकारालाच बळ देतं. म्हणूनच ‘आय डेफिनिटली वोन्ट कम’ म्हणजे ‘मुळीच येणार नाही’. नकार नसलेल्या वाक्यात त्याची जागा सहायक क्रियापदानंतर आणि मुख्य क्रियापदाआधी असते. ‘इज’ किंवा ‘आर’ हेच मुख्य क्रियापद असेल तर त्याच्यानंतर: ‘इट इज डेफिनिटली हिज’. दोन्ही बाजूंना स्वल्पविराम लागत नाहीत.

‘डेफिनिटिव्हली’ हा शेजारी दिसायला अधिक भारदस्त, म्हणून पुष्कळदा उगाच वापरला जातो. त्याचा अर्थ ‘कायमचा निकाल लागेल असं’. एखादा प्रश्न डेफिनिटिव्हली सुटतो, पाहुणे डेफिनिटली येतात. आणि ‘तारीख अजून नक्की नाही’ इथे क्रियाविशेषणाचं कामच नाही. तारखेबद्दल बोलतोय म्हणजे विशेषण हवं: ‘द डेट इज नॉट डेफिनिट येट’. शेवटचे एल-वाय गेले, बाकीची आठ अक्षरं त्याच क्रमाने राहिली.