जागृती-रसायने, मेंदूतील

जागेपण, सावधपणा व उत्तेजितता यांची पातळी ठरविणारी चेतापारेषक (एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश नेणारी) द्रव्ये. नॉरअ‍ॅड्रेनॅलीन, डोपामीन, अ‍ॅसिटिलकोलीन, हिस्टामीन, सेरोटोनीन आणि ओरेक्सीन ही त्यांतील प्रमुख होत. सातारा-सांगलीकडे चहाने ‘तरतरी’ येते आणि ऐन वेळी ‘अवसान गळते’. या दोन्ही अवस्थांमागे बव्हंशी हीच द्रव्ये असतात. ‘उत्तेजन’ या रूढ संज्ञेत खळबळीची छटा अधिक असल्याने येथे ‘जागृती’ ही संज्ञा स्वीकारली आहे.

मेंदू केवळ बाहेरच्या संवेदनांमुळे जागा राहतो, हे जुने मत मोरुत्सी व मॅगून यांच्या १९४९ मधील प्रयोगांनी मागे पडले. मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातील) जालरूप रचनेला, म्हणजे चेतापेशींच्या जाळ्याला, विद्युत् उद्दीपन देताच मेंदूच्या मंद लहरी द्रुत होतात, असे त्यांनी दाखविले. त्यामागची रासायनिक केंद्रे १९६४ च्या सुमारास डालस्ट्रोम व फुक्से यांनी वापरलेल्या प्रदीप्ती-तंत्रामुळे (ही द्रव्ये असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकविणाऱ्या पद्धतीमुळे) दिसू लागली. नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचे मुख्य केंद्र म्हणजे नीलस्थान, मस्तिष्कस्तंभातील एक लहान पेशीसमूह. त्याचे पहिले वर्णन सामान्यतः १८ व्या शतकाच्या उत्तरार्धातील, विक-दाझीर यांचे मानतात. नामकरणाचे श्रेय वेन्झेल बंधूंकडे जाते. माणसात यातील पेशी काही दहा हजारच असतात, पण त्यांचे तंतू जवळजवळ साऱ्या मेंदूभर पसरलेले असतात.

जागृती मध्यम असता काम उत्तम होते, हा नियम येर्क्स व डॉडसन यांच्या नावे (१९०८) सांगितला जातो. हे श्रेय जसेच्या तसे मान्य करणे कठीण आहे. त्यांनी उंदरांना पांढरी व काळी पेटी ओळखायला शिकविली आणि चुकीबद्दल विजेचा झटका दिला. फरक ठळक असता झटका वाढेल तसे शिकणे जलद झाले. फरक सूक्ष्म असता मात्र मध्यम झटकाच उपयोगी पडला. त्यांचा विषय उद्दीपनाची तीव्रता आणि सवय जडण्याचा वेग एवढाच होता. जागृतीचा उलट्या ‘यू’सारखा वक्र हेब यांच्या १९५५ मधील मांडणीत स्पष्ट होतो, आणि पुढे दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली आल्या. सोप्या व अवघड कामांतील मूळ भेद त्यात हरवला, हे नुकसान मोठे आहे. कुंडलच्या कुस्ती मैदानाचे उदाहरण घेता येईल. हलगी कडाडत असताना, तालमीत घोटलेला पट मल्ल सहज काढील; अनोळखी डावाला तोड सुचणे हे मात्र वेगळे काम आहे. अर्थात हे सिद्धान्तावरून केलेले अनुमान होय.

या भेदाचे रासायनिक स्पष्टीकरण आर्नस्टेन यांच्या संशोधनात मिळते. नॉरअ‍ॅड्रेनॅलीन मध्यम असता ते कपाळामागील पूर्वललाट भागात आल्फा-२ए ग्राहींवर (ग्राही म्हणजे पेशीवरील, द्रव्य जेथे जडते ती जागा) काम करते व विचार स्थिर राहतो. ताणात ते वाढले की आल्फा-१ ग्राही कार्यरत होतात. विवेक दुबळा पडून सवयीचे वर्तन पुढे येते. आल्फा-१ ग्राही शरीरातही असतात. लाल विंचवाच्या दंशानंतर रक्तात नॉरअ‍ॅड्रेनॅलीन व त्याच्या जातीचे अ‍ॅड्रेनॅलीन उसळून हृदय धोक्यात येते, तेव्हा दिले जाणारे प्राझोसीन हे औषध याच ग्राहींना अडविते. त्याचा वापर महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी रूढ केला. रक्तातील अ‍ॅड्रेनॅलीन मात्र मेंदूत सहजी शिरत नाही. त्याची वार्ता छाती-पोटातील अवयवांना मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस चेतेमार्गे पोचते, आणि भीतीचे प्रसंग पक्के लक्षात राहण्यास हा मार्ग साहाय्यभूत ठरतो.

गळीत हंगामात साखर कारखान्यांत रातपाळी चालते. जागरणात मेंदूत अ‍ॅडेनोसीन साचते; चहातील कॅफीन त्याचे ग्राही अडविते, त्यामुळे पेंग तेवढी झाकली जाते, झोपेची गरज उरतेच. हिस्टामीन अडविणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. ओरेक्सीनचा शोध १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे लावला; ते निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यास दिवसा अनावर झोप येण्याचा विकार जडतो.