मशीन परत आणण्याआधी एवढं वाचा
(बीपी मशीन आणि ऑक्सिमीटर घेतलेल्या ग्राहकांसाठी)

परळच्या आमच्या सर्जिकलच्या दुकानात अधूनमधून कुणीतरी बीपीचं मशीन डब्यासकट परत घेऊन येतं. ‘सकाळी १२४ दाखवलं, संध्याकाळी १५२. काहीही दाखवतं हे!’ खोदून विचारलं की कळतं, स्टेशनचा पूल ओलांडून, तीन मजले चढून आल्या आल्या पट्टा बांधला होता. मशीन धडधाकट असतं.

शांत बसलेलं असताना मुठीएवढं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले, तर जवळपास ५ लिटर; म्हणजे वाण्याकडचा तेलाचा मोठा कॅन दर मिनिटाला रिकामा. जिना चढताना मांड्यांचे स्नायू जादा रक्त मागतात, ठोके वाढतात, वरचा आकडाही चढतो.

त्यात ‘गाडी सुटतेय’ ही धास्ती. पहिला इशारा मज्जातंतू देतात. पाठोपाठ मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. हे संप्रेरक काही मिनिटांतच ओसरतं. मोजण्याआधी पाच मिनिटं बसा, असं आम्ही सांगतो ते उगाच नाही. थायरॉईडचं काम मात्र सावकाश, दिवस-आठवड्यांच्या हिशोबाने चालतं. ते संप्रेरक जास्त झालं, तर नुसतं बसूनही नाडी पळते. आराम करतानाही ती सारखी १०० च्या वर राहत असेल, तर आमच्याकडे नको, डॉक्टरांकडे जा.

दुसरी तक्रार ऑक्सिमीटरची: ‘मला धाप लागलीय आणि हा ९७ दाखवतो!’ बरोबरच दाखवतो. श्वास रोखून बघा. जीव कासावीस होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे; तेव्हा ऑक्सिजन अजून पुरेसा असतो. निरोगी माणसाला जिना चढून धाप लागली, तरी रक्तातला ऑक्सिजन सहसा खाली येत नाही. हा आकडा बोटातून जाणाऱ्या लाल आणि अवरक्त प्रकाशावरून काढतात, म्हणून नेलपॉलिश काढा. एसी लोकलमधून गारठून आला असाल, तर बोटं आधी चोळून गरम करा.

बीपी मोजताना पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. बाही वर सारून उघड्या दंडावर पट्टा बांधा. अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको, लघवी तुंबवून बसू नका आणि मोजताना गप्प राहा. (हेच सगळ्यांना जड जातं.) मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा.

छातीत दुखत असेल, बसल्याजागी दम लागत असेल, तर आकड्यांच्या नादी लागू नका. १०८ ला फोन करा.

एवढं करूनही शंका राहिली, तर मशीन, पट्टा आणि पावती घेऊन या. दुकानातच तपासून देऊ. फक्त आल्यावर पाच मिनिटं आमच्या स्टुलावर बसावं लागेल.