गिगाहर्ट्झ जास्त, म्हणून प्रोसेसर वेगवान?

नाही. तरीही हा समज पंचवीस वर्षं टिकून आहे आणि त्यापायी लोक आजही चुकीच्या चिपवर पैसे घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला घड्याळाचे किती अब्ज ठोके पडतात, एवढंच. एका ठोक्यात किती काम उरकतं, हे त्यातून कळत नाही. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ तब्बल ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला. त्यासाठी प्रोग्रॅममधल्या प्रत्येक सूचनेचं काम ३१ छोट्या टप्प्यांत तोडलं होतं. पुढची वाट कुठली, हा प्रोसेसरचा अंदाज चुकला की अर्धवट झालेलं काम फेकून पुन्हा सुरुवात करावी लागे. शिवाय चिप भयंकर तापायची. २००६ मध्ये आलेल्या इंटेलच्याच कोअर २ ड्युओने २.४ गिगाहर्ट्झवर त्याला सहज मागे टाकलं. कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग; ड्युओत असे दोन होते, पण एकाच कोअरवर चालणाऱ्या कामांतही तो पुढे होता!

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीचंही तेच झालं. २०१३ चा तिचा एफएक्स-९५९० हा प्रोसेसर कमाल पाच गिगाहर्ट्झचा, २२० वॅटचा. पण बहुतेक गेममध्ये इंटेलच्या कमाल ३.९ गिगाहर्ट्झच्या कोअर आय७-४७७०के पेक्षा मागेच.

हा आकडा निरुपयोगी नाही. एकाच पिढीतल्या, एकाच रचनेच्या दोन चिपांची तुलना त्यावर करता येते. बाकी वेळी आपण जे सॉफ्टवेअर वापरतो त्याच्याच चाचण्या पाहाव्यात, आणि किमतीत मदरबोर्ड, कूलर धरूनच हिशेब करावा.