बदलत्या वाऱ्यात विंडसर्फिंगची वळणे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून विंडसर्फिंगची, म्हणजे शीड लावलेली, फळी भाड्याने नेणाऱ्या बहुतेक ग्राहकांना सरळ जाणे लवकर जमते. अडते ते वळताना. मोकळ्या समुद्रावर वारा बराच वेळ एका दिशेने टिकतो. इंदूरजवळच्या चोरलसारख्या, विंध्याच्या टेकड्यांमधल्या जलाशयावर मात्र तो उतारांना आणि झाडांना अडखळत पाण्यावर येतो, त्यामुळे त्याची दिशा आणि जोर सारखे बदलत राहतात. म्हणून येथे वळण कसे घ्यावे याइतकेच ते कधी घ्यावे हेही शिकावे लागते.

फळीचे नाक वाऱ्याच्या तोंडावरून फिरवणे म्हणजे टॅक. मास्ट, म्हणजे शीड ज्यावर बसवलेले असते ती उभी काठी, फळीच्या शेपटाकडे कलवला की नाक वाऱ्याकडे वळू लागते. ते वाऱ्यावर आले की एक हात मास्टवर धरून, त्याच्या बुडाला खेटून लहान पावले टाकत पुढून पलीकडे जावे आणि शीड लगेच पुढे कलवून दोन्ही हात बूमच्या (शीड धरायच्या आडव्या दांड्याच्या) नव्या बाजूला घ्यावेत. येथे लांब ढांग टाकली तर वजन नाकावर जाते, नाक बुडते आणि आपणही त्यामागोमाग पाण्यात जातो.

आपण दिशा न बदलताही शीड मास्टकडून फडफडू लागले, तर वारा पुढच्या अंगाला सरकला आहे असे समजावे. टॅकसाठी हीच उत्तम वेळ, कारण नाक आधीच वाऱ्याच्या जवळ असते आणि कमी फिरवावे लागते. याउलट पाण्यावरचा गडद, बारीक सुरकुत्यांचा पट्टा आपल्याकडे सरकत असेल, तर वाऱ्याचा झोत येतो आहे. वाऱ्याचा वेग दीडपट झाला की शिडावरची ओढ सव्वादोनपट होते. अशा वेळी मागचा हात सैल करून झोत जाऊ द्यावा आणि मगच वळावे.

वारा पाठीशी घेऊन वळणे म्हणजे जाइब. शीड पुढे आणि वारा येतो त्या बाजूला कलवावे, पाय थोडे मागे घ्यावेत आणि वारा नेमका पाठीमागे आला की मागचा हात सोडावा, म्हणजे शीड नाकावरून फिरून पलीकडे जाते. सराईत मंडळी हे वेगात करतात. शिकाऊंनी ते मंद वाऱ्यातच करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरावासाठी काठाचा आडोसा निवडू नये. झाडांच्या किंवा टेकडीच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहूनही पुढे, वारा तुटक येतो. शिकाऊंना आम्ही रुंद, जड फळी आणि चार ते पाच चौरस मीटरचे शीड देतो. मोठ्या शिडाचा आग्रह कृपया धरू नये.

मे-जूनमध्ये दुपारनंतर काळा ढग उभा राहिला की ताबडतोब काठावर यावे. लाइफ जॅकेट कधीही काढू नये. वारा पडला किंवा परतणे अशक्य झाले तर फळी सोडून पोहत निघू नये. फळीवर बसून दोन्ही हात उंच करून हलवावेत, म्हणजे आमची बोट येईल.